काळ्या गाईला लाल वासरू

गाय व्यायली की घरधनी सगळ्यांत आधी काय बघतो, सांगा पाहू? कास? नाही. कालवड झाली की गोऱ्हा? तेही नंतर. आधी बघतो तो रंग. वासरू अजून ओलंचिंब असतं, गाय त्याला चाटत असते, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडतं, "आरं, ह्यो रंग कुठनं आला?" या एका प्रश्नानं माझा नोकरीभर पिच्छा पुरवला. शिव्या मी पुष्कळ कारणांनी खाल्ल्या, पण सर्वांत जास्त खाल्ल्या त्या रंगावरून, आणि खरं सांगतो, त्या खाताना मजाही सर्वांत जास्त आली.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. हे झालं सरकारी नाव. जुन्नर आणि आंबेगावच्या गावांतून मला सगळे 'डाक्टर' म्हणत, आणि पाठ वळली की शाळेतली पोरं 'वळू आला, वळू आला' म्हणून बोंब ठोकत. पोरांचं चूक नव्हतं. गाय माजावर आली की मला निरोप यायचा. मोटरसायकलला एक जाडजूड डबा बांधलेला. त्यात द्रव नायट्रोजन, आणि त्यात बुडवलेल्या बॉलपेनच्या रिफिलसारख्या बारीक कांड्या. एका कांडीत एका वळूचं बीज. डब्याचं झाकण उघडलं की पांढरी वाफ उसळायची आणि गोठ्यातली एखादी म्हातारी हमखास म्हणायची, "डाक्टर, आदी च्या तर घ्या, तुमचं पानी उकाळलंय." आत तर बर्फालाही हुडहुडी भरेल असा गारठा. मी कांडी काढून कोमट पाण्यात धरायचो, हातात लांब मोजा चढवायचो आणि गाय भरवायचो. पाच-दहा मिनिटांचं काम. मग गूळ घातलेला चहा प्यायचा आणि पुढच्या गोठ्याकडे निघायचं.

गोची अशी होती की या व्यवहारात बाप कुणी पाहिलेलाच नसायचा. तो कुठल्यातरी लांबच्या केंद्रावर चारा खात उभा. वासरू मनासारखं निघालं तर गाईचं कौतुक, नाही निघालं तर डॉक्टरला बोलवा. बापाच्या वतीनं मी उत्तरं द्यायची.

खोडदला एका गड्याच्या पांढऱ्याशुभ्र शेळीला पांढऱ्याच बोकडापासून कोळशासारखं काळं करडू झालं. तिथं त्या काळात आकाशातलं ऐकणाऱ्या दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकड्या शेताशेजारी उभ्या राहत होत्या. गडी मला हाताला धरून बांधावर घेऊन गेला आणि तबकडीकडं बोट दाखवून म्हणाला, "त्याचं किरान लागलं बगा. करडू करपलं." मी समजावलं की शेळीमध्ये पांढरा रंग वरचढ, त्याच्या पोटात काळा लपून राहतो आणि दोन्हीकडून आला की बाहेर पडतो. गड्याला पटेना. शेवटी तिथं काम करणारे एक साहेब दूध न्यायला आले, त्यांनाच त्यानं अडवलं. साहेब फार गरीब स्वभावाचे. हात जोडून म्हणाले, "अहो, आम्ही नुसतं ऐकतो. सोडत काहीच नाही." गडी मान डोलावत म्हणाला, "मग ऐकून ऐकून आमच्या शेळीचं कायतरी ऐकलंच आसंल की."

आणि वर घाटघरला नाणेघाटाजवळ एक म्हातारबाबा होते. त्यांच्या डांगी गाई काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या. मी मोठ्या उत्साहानं सांगायला गेलो, की होल्स्टीनची कांडी भरू, तीही काळी-पांढरीच असते, रंगाला रंग जुळेल. बाबा हसले. "रंग त्योच, पन कातडं परकं. हितल्या पावसात आमची गाय तेल लावल्यावानी कोरडी ऱ्हाती. तुमच्या गाईवर छत्री कोन धरनार, तुमी?" मी डबा परत मोटरसायकलला बांधला आणि त्यांच्याकडची नाचणीची भाकरी खाऊन खाली उतरलो. अजूनही वाटतं, बाबांचं बरोबर होतं.

पण रंगाचा खरा महागोंधळ झाला तो पारगावच्या अलीकडे, घोडनदीच्या काठच्या एका गावात. उसाचं गाव. तिथं भिकानाना आणि किसनआबा यांची शेतं एका बांधाला लागून. नानांच्या गोठ्यात चंद्री नावाची काळी-पांढरी, होल्स्टीन रक्ताची गाय. आमच्याकडे परदेशी रक्ताची कुठलीही गाय म्हणजे 'जर्शी', तशी ती नानांची जर्शी. आबांच्या गोठ्यात वजीर. वजीर म्हणजे खिल्लारी, पांढराशुभ्र, अंडील, खच्ची न केलेला, गाड्याला पळणारा बैल. त्या वेळी गावोगावच्या यात्रेत बैलगाडे पळत. चढावरच्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि एका धावेला बारी. वजीरानं जिंकलेल्या फेट्यांनी आबांच्या घरातली एक आख्खी खुंटी भरलेली होती. पळणाऱ्या बैलाला खुराक, अंघोळ, मालीश सगळं मिळतं, एक गोष्ट सोडून. त्याला गाईचा वारासुद्धा लागू देत नाहीत. लागला तर त्याचा जोर जातो, असं सगळा मुलूख मानतो.

तर नानांची मुलगी मंगल आणि आबांचा मुलगा सुनील यांचं लग्न ठरलं होतं. सुनील कारखान्यावर फिटर, मंगल बारावी झालेली आणि बोलायला तिखट. सुपारी फुटली होती, वैशाखातली तारीख धरली होती. बांधाला बांध, घराला घर, सगळं गाव म्हणत होतं की सोयरीक अशी पाहिजे.

आणि माघात चंद्री व्याली. कालवड झाली. तांबडीलाल, अंगावर पांढरे पट्टे, कपाळावर चांद.

चंद्रीला मीच भरवलं होतं, आधीच्या वैशाखात, काळ्या-पांढऱ्या वळूच्या कांडीनं. आई काळी-पांढरी, बाप काळा-पांढरा आणि लेक लाल. आता इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढच्या भांडणातली गंमत कळायची नाही. खिल्लारी जनावर मोठेपणी पांढरं असतं, पण त्याचं वासरू जन्मतः पांढरं नसतं. डोक्यावर, मानेवर, कधी अंगावरही तांबूस झाक घेऊन येतं आणि दोन-तीन महिन्यांत ती उडून जाते. हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शहरातला माणूस लाल वासरू पाहून काहीच म्हणाला नसता. पण या जाणत्या लोकांनी लाल वासरू पाहिलं आणि लगेच बांधापलीकडे पाहिलं.

सकाळी डेअरीवर दूध घालायला सगळे जमलेले. मीही तिथंच एका म्हशीच्या चौकशीत होतो. नाना किटली टेकवत मिस्कीलपणे म्हणाले, "आबा, तुझ्या वजीरानं बांध वलांडला वाटतं. नातू आलाय तुला."

सगळे हसले. आबाही हसले. मग त्यांचं हसू थांबलं. त्यांनी बोटांची पेरं मोजायला घेतली. माघ, पौष, मार्गशीर्ष करत करत मागं गेले आणि वैशाखाशी येऊन थांबले. त्यांचा चेहरा उसाच्या चिपाडासारखा कोरडा पडला.

झालं असं होतं की गेल्या वैशाखातल्या यात्रेत वजीर ऐन घाटात पळायचा थांबला होता. निम्म्या चढावर त्यानं मान खाली घातली आणि चक्क चालायला लागला. लाउडस्पीकरवाला ओरडला, "वजीर आज फिराय आलाय, मंडळी!" हजारो माणसं खदाखदा हसली. त्या दिवसापासून आबा यात्रेला गेले नव्हते. बैल का थांबला, हे कोडं त्यांना नऊ महिने खात होतं. आणि आता डेअरीवर, दुधाच्या किटल्यांच्या मधोमध, त्यांना उत्तर सापडलं.

"म्हंजी तवाच!" आबा कडाडले. "म्हणून माजा वजीर घाटात बसला! तुज्या गाईनं माजा बैल नासवला!"

"माज्या गाईनं? तुज्या बैलानं माजी गाय नासवली! जर्शीच्या पोटी गावठी निपाजलं, त्याचं काय?"

इथपर्यंत लोकांना करमणूक होती. कुणी शिट्टी मारली, कुणी म्हणालं, वासराला निम्मं निम्मं वाटून घ्या. पण रागात माणसाची जीभ सुटते. आबा म्हणाले, "ज्या घरची गाय दावनीला ऱ्हात न्हाई, त्या घरची पोर माज्या घरात नको."

दूध मोजणाऱ्याचं माप हातातच थांबलं. नाना किटली उचलून निघाले, दूध न घालताच. मी ओरडलो, "आबा, गाय मी भरवलीय! वजीराचा काही संबंध नाही!" तर आबा म्हणाले, "तुमी काय सांगताय डाक्टर? तुमच्याबी डब्यात काय आसतंय, कुनाला म्हाईत?" तेव्हापासून मीही संशयितांमध्ये जमा झालो.

दुपारी मंगल सायकल हाणत दवाखान्यात आली. डोळे लाल, पण रडून नाही, संतापानं. "डाक्टर, खरं सांगा. तुमी भरवली व्हती ना?"

"भरवली होती. कांडीही बरोबर होती. जातीजातीच्या कांडीचा रंग वेगळा असतो, चुकायचं काम नाही."

"मग लाल कसं झालं?"

मी तिला बाकावर बसवलं. म्हटलं, "असं बघ. प्रत्येक जनावराला रंग दोघांकडून मिळतो, एक आईकडून, एक बापाकडून. गाईत काळा म्हणजे सासू आणि लाल म्हणजे सून. घरात सासू असली की सून गप्प. ती असते घरात, पण आवाज ऐकू येत नाही. चंद्रीच्या अंगात काळी सासू आणि गप्प सून. त्या वळूच्या अंगातही तसंच. आता वासरात आईकडची सून उतरली आणि बापाकडचीही सूनच उतरली, तर?"

मंगल फस्सकन हसली. "दोन सुना आन सासू घरात न्हाई! मग काय इचारता!"

"तेच झालंय. चारांत एखाद्या वेळी होतं."

मग ती म्हणाली, "मला पटलं. पन आबामामांना सासू-सून सांगून पटायचं न्हाई. डोळ्याला दिसंल आसं कायतरी सांगा."

तेव्हा मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. खिल्लारीचं रक्त असतं तर पाठीवर वशिंडाचा उंचवटा दिसला असता, या कालवडीची पाठ सपाट. दुसरं, ते मोठे पांढरे पट्टे. बांडेपणसुद्धा सुनेसारखंच, दोन्हीकडून यावं लागतं, आणि वजीराच्या सात पिढ्यांत कुणी बांडं नाही. आणि तिसरं, जे गावाला समजेल असं, ते म्हणजे नुसतं थांबा. खिल्लारी असेल तर वैशाखाच्या आत पांढरी पडेल. नसेल तर लालची लालच राहील. शेजारच्या वाडीत त्याच आठवड्यात एक अस्सल खिल्लारी गोऱ्हा झाला होता, डोकं-मान तांबूस. दोघं शेजारी उभे केले की झालं.

"मग आमची लाली बांधावर बांधू," मंगल म्हणाली. तिनं वासराचं नावही ठेवून टाकलं होतं. "दोनी घरांना दिसंल आशी. कुनी म्हनाय नको, आत न्हेऊन कायतरी केलं."

आणि मग सुरू झाली ती वासराची पाहणी. सबंध गाव त्या बांधावर लोटायचं. डेअरीवरून परतताना, उसाला पाणी देता देता, शाळा सुटल्यावर. लाली बाभळीखाली बांधलेली, मधूनमधून आईचं दूध प्यायला जायची आणि पुन्हा दरबार भरवायची. "कानामागं पांढरी व्हायला लागली," कुणी म्हणायचं. "न्हाई राव, त्यो कपाळावरचा चांद हाय." दोन तट पडले, लालवाले आणि पांढरेवाले. कोंबड्याच्या जेवणाच्या पैजा लागल्या. जन्मात ज्यांनी दुसऱ्याचं जनावर निरखून पाहिलं नव्हतं ते लालीच्या पापण्यांच्या रंगावर वाद घालू लागले.

अफवा तर विचारू नका. पांढरेवाल्यांनी उठवलं की नानांची बायको पहाटे लालीला मेंदी लावते, म्हणून रंग टिकलाय. ती माउली हे ऐकून बांधावर उभी राहिली आणि तिनं दोन्ही तळहात उंच करून सगळ्यांना दाखवले. "बगा, हाये का मेंदी? मला लेकीच्या लग्नात लावाय मिळंना, वासराला कुठं लावू?" त्यानंतर दोन दिवसांनी मी सकाळी तिकडून जात होतो, तर बाभळीखाली आबा उकिडवे बसलेले. समोर पाण्याची बादली, हातात कपडे धुण्याचा साबण, आणि लालीच्या पुठ्ठ्यावर फेसच फेस. लाली मजेत डोळे मिटून उभी.

"आबा?" मी म्हटलं.

ते दचकले. मग ऐटीत म्हणाले, "मुकं जनावर हाय. घान झालं व्हतं, म्हनलं धुवावं."

"रंग उतरला का?"

आबांनी फेसाकडं पाहिलं. फेस पांढराच. "न्हाई," ते म्हणाले आणि बादली उचलून चालू लागले. लाली त्यांच्या मागं दोरी ताणून हंबरली. तिला अंघोळ आवडली होती.

या सगळ्यात दोनच माणसं सुखात होती. सुनील कारखान्यातून सुटला की सरळ बांधावर यायचा, 'वासरू बघायला'. मंगलही त्याच वेळेला लालीला पाजायला यायची. लग्न ठरलेलं असताना दोघांना एकमेकांकडं बघायची चोरी होती, आणि आता लग्न मोडल्यावर रोज तासभर, सगळ्या गावासमोर, वासराच्या निमित्तानं बोलणं. एकदा मी गमतीनं सुनीलला विचारलं, "काय रे, लाल की पांढरी?" तर तो म्हणाला, "आजून लक्षात आलं न्हाई डाक्टर. उद्या परत यावं लागंल."

पण एकटी असताना मंगल वेगळी असायची. एकदा लालीच्या मानेला खाजवत ती मला म्हणाली, "तारीख जवळ आली. माज्या आईनं शेवयासुदीक केल्या न्हाईत. लोक वासराकडं बगत्यात डाक्टर, पन बोलत्यात माज्यावर." तेव्हा मात्र माझं हसणं गेलं. तीन महिने थांबू म्हणायला माझं काय जात होतं? हा काळ ती काढत होती.

चैत्र सरला तसं मी ठरवलं, आता पुरे. वाडीतला खिल्लारी गोऱ्हा आणवला. सगळं गाव बांधावर जमलं, पोरं बाभळीवर चढली. गोऱ्हा आणि लाली शेजारी शेजारी उभे केले. गोऱ्हा दुधासारखा पांढरा झालेला, तांबूस झाकेचा मागमूस नाही, पाठीवर वशिंडाची गाठ. लाली आधीपेक्षा जास्त लाल, पट्टे लख्ख, पाठ सपाट. मी भाषण तयार केलं होतं. ते करावंच लागलं नाही. बाभळीवरून एक पोरगं ओरडलं, "लालच हाय रं!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कोंबडीवाले एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले.

आबा पुढं झाले. त्यांनी गोऱ्ह्याच्या वशिंडावर हात फिरवला, मग लालीच्या सपाट पाठीवर. मंगल दोन पावलं पुढं आली आणि ठाम आवाजात म्हणाली, "मामा, आमची गाय दावनीलाच व्हती."

आबांनी मान वर केली. "व्हती, बाई. व्हती. माजीच जीब सुटली व्हती." मग ते माझ्याकडं वळले आणि लहान पोरासारख्या आवाजात त्यांनी विचारलं, "मग डाक्टर, माजा वजीर घाटात बसला कशानं?"

आता समजलं मला. या माणसाला वासरू पांढरं व्हायला हवं होतं. पांढरं झालं असतं तर वजीराची हार गाईच्या माथ्यावर गेली असती. साबण घेऊन त्यांनी वासरू धुतलं नव्हतं, वजीराच्या नावाचा डाग धुवायला बघत होते. मी जाऊन वजीराचा जबडा उघडून दात पाहिले, गुडघे चाचपले. खोटं सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. "आबा, वजीर थकलाय. वय झालंय त्याचं. दुसरं काही नाही."

आबा बांधावरच बसले. धोतराच्या सोग्यानं त्यांनी डोळे पुसले. अख्ख्या गावाला हसायला आणलेलं ते तीन महिन्यांचं नाटक, आणि शेवटी एक म्हातारा आपल्या म्हाताऱ्या बैलासाठी रडत होता. नाना त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि खांद्यानं खांद्याला ढुसणी देत म्हणाले, "थकला तर थकला. आपुन काय पळतोय का? वरातीच्या गाडीला जुपू त्याला. वरातीत हळूच जायाचं आसतं. तिथं त्याचा पहिला नंबर."

आबा रडता रडता हसले, आणि मग सगळा बांधच हसायला लागला. वैशाखात लग्न लागलं. वजीराच्या शिंगांना गोंडे, पाठीवर झूल, गाडीत सुनील आणि मंगल. तो इतका रमतगमत चालला की वरात देवळापाशी पोचेपर्यंत वाजंत्री दोनदा चहा प्यायले. लाली मात्र नानांनी आंदण म्हणून मंगलबरोबर धाडली, बांधापलीकडे.

नंतर माझी बदली जुन्नरकडे झाली. काही वर्षांनी, संक्रांतीच्या सुमाराला, आबांचा निरोप आला. सुनील-मंगलच्या मुलीचं बोरन्हाण होतं. गेलो. अंगणाजवळच्या पडवीत ती ठमाबाई पाटावर बसलेली, काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाची पेरं ओतली आणि पोरं तुटून पडली. मी तिळाचा लाडू तोंडात टाकला आणि पोरीकडं नीट पाहिलं. पोरीचे डोळे घारे होते. लख्ख घारे. सुनीलचे डोळे काळेभोर, मंगलचेही काळेभोर.

हे मला दिसलं म्हणजे सगळ्यांना दिसलं होतं. आबांची थोरली बहीण ओतूरहून आलेली. तिनं हनुवटीवर बोट टेकवलं आणि शेजारणीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "आमच्या सात पिढ्यांत कुनी घारं न्हाई बाई. म्हनलं वाढता वाढता काळं व्हतील, तर न्हाईच झालं."

मंगलचा हात बोरांच्या सुपावर थांबला. सुनील खाली बघायला लागला. पडवीतल्या बायका एकमेकींकडं पाहत होत्या.

आबा भिंतीला टेकून बसले होते. ते गुडघ्यावर हात देऊन उठले. "आक्के," ते म्हणाले, "गप बस. आसंच एकदा म्या तोंड उघाडलं व्हतं, तवापास्नं लोक हसत्यात मला. काय काय गोष्टी घरात झाकून आसत्यात. तुज्या-माज्या आजीच्या आजीपास्नं खाली आलेल्या. ह्या घरातबी झाकलेलं, नानाच्या घरातबी झाकलेलं. दोनी जुळलं की मग वर येतंय. त्यात पोरीच्या आईचा काय गुन्हा न्हाई. काय डाक्टर? बरूबर का न्हाई?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. माणसाच्या डोळ्यांच्या रंगाचं गणित गाईच्या कातडीपेक्षा बरंच गुंतागुंतीचं असतं, एवढं मला वाचून माहीत होतं. पण तोंडात लाडू होता, आणि आबांचं म्हणणं मुळात खरंच होतं. मी जोरजोरात मान डोलावली.

"बगा! डाक्टर हो म्हनत्यात," आबा म्हणाले. त्यांनी नातीला पाटावरून उचललं, तिच्या केसांतले चुरमुरे झटकले आणि तिला घेऊन सरळ अंगणात उन्हात गेले. तिथून त्यांचा आवाज आला, घाटातल्या लाउडस्पीकरवाल्याला लाजवील असा, "या रं समदी हिकडं! आंदारात काय बगताय? उजेडात या आन नीट बगून घ्या! माजी नात घाऱ्या डोळ्याची हाय!"

आणि सगळं बोरन्हाण उठून उन्हात गेलं. सर्वांत पुढं मंगल होती, हसत, पदरानं डोळे पुसत.